लंडनच्या दाराखाली ओला टॉवेल

आमच्या पालघर जिल्ह्यात संकट आलं की पळण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. आत जायचं की बाहेर? जमीन हलली तर बाहेर. डहाणू-तलासरीकडच्या लोकांना हे झोपेतसुद्धा कळतं. हवेला कंपन्यांच्या रसायनाचा वास आला तर आत. हे आम्हा बोईसरकरांना झोपेतसुद्धा कळतं. खिडक्या लावायच्या, दाराखाली ओला टॉवेल सारायचा, नाकावर ओलं फडकं धरायचं आणि वास जाईपर्यंत टीव्ही बघत बसायचं. मी शाळेत असताना एकदा जवळच्या अणुकेंद्राकडून आपत्तीचा सराव झाला होता. भोंगा वाजला आणि बाईंनी आम्हाला वर्गात कोंडून खिडक्या लावून घेतल्या. तेव्हापासून भोंगा म्हणजे आत, हे माझ्या हाडांत मुरलंय. वरातीच्या गाडीने जोरात भोंगा दिला तरी माझा हात खिडकीच्या कडीकडे जातो.

वास आणि भूकंप एकदमच आले तर काय करायचं, असं मी आपत्ती व्यवस्थापनाच्या शिबिरात साहेबांना विचारलं होतं. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, एवढं निगेटिव्ह कशाला बोलायचं?" सोसायटीच्या बायका हसल्या. उत्तर अजून मिळालेलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझी नणंद रुचिता. ती लंडनला शिकायला गेली. विषय औद्योगिक सुरक्षा. बोईसरच्या मुलीने दुसरं काय शिकावं? रसायनशास्त्र घेऊन पदवी झाली, दोन वर्षं इथल्याच एका कंपनीच्या लॅबमध्ये काढली, तिथे एक दिवस तिच्या डोळ्यांदेखत एक बरणी फुटली आणि त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "वहिनी, मला हे शिकायचंय. हे होऊ नये म्हणून काय करायचं, ते."

माझे सासरे कमलाकांत सावे माहीमला राहतात. मुंबईचं माहीम नाही, आमचं, केळव्याच्या शेजारचं. वाडी आहे, पानवेल आहे, आणि सगळ्या जगाबद्दल ठाम मतं आहेत. मुलीने परदेशी जाण्याबद्दल त्यांचं मत एका शब्दाचं होतं: "नाय." केळव्याचं एक स्थळ त्यांनी हेरून ठेवलं होतं. मुलाची चिकूवाडी, शिवाय समुद्राला लागून रिसॉर्ट. तेव्हा मी पदर खोचून उभी राहिले. पदर म्हणजे ओढणी. मी म्हटलं, "बाबा, तिला जाऊ द्या. तिची तब्येत आणि सुरक्षा, दोन्ही माझ्याकडे."

सासऱ्यांनी पानाचा देठ खुडला. "तुज्याकडं?"

"माझ्याकडे."

"ठीक हाय. पण एक जरी वाकडं झालं, तर पयल्या विमानानं परत. मंग केळव्याला बोलणी. कबूल?"

मी कबूल म्हटलं. इथून लंडन किती लांब आहे, याचा विचार मी नंतर केला.

आता कुणी म्हणेल, ही बाई स्वतःच्या घराबाहेर पडत नाही आणि लंडनची जबाबदारी घेते. खरं आहे. मीही पदवीधर आहे. पण माझ्या स्वराजला, साडेतीन वर्षांच्या माझ्या मुलाला, जन्मल्यापासून छातीत घरघर होते. हवा बिघडली की त्याला वाफेचं मशीन लावावं लागतं. त्यामुळे माझी नोकरी म्हणजे हवेचा वास घेणे. पगार नाही, सुट्टी नाही, पण अनुभव दांडगा. अशा बाईकडे दुसऱ्याची सुरक्षा सोपवली तर चुकलं कुठे?

रुचिता गेली आणि सोसायटीने लंडन ताब्यात घेतलं.

समोरच्या दारातल्या जयवंतीकाकू कधी वसईच्या पलीकडे फारशा गेलेल्या नाहीत, पण त्यांच्या बहिणीचा नातू कॅनडात असल्यामुळे थंड देशांवर त्यांचा अधिकार आहे. "तेजल, तिकडे ऊन नसतं हो. पोरी आतून सुकतात. आधी हाडं जातात, मग केस, मग हसू." हा क्रम त्यांनी इतक्या ठामपणे सांगितला की मी रुचिताला रोज व्हिडिओवर आधी हसायला लावू लागले. हसू शाबूत म्हणजे केस शाबूत, केस शाबूत म्हणजे हाडं शाबूत.

वरच्या मजल्यावरचे भाग्येश भावोजी विम्याचं काम करतात. त्यांना माणूस दिसला की अपघात दिसतो. "वहिनी, तिकडे सायकलवरून येऊन हातातला फोन ओढून नेतात. तिला सांगा, रस्त्यात फोन काढायचा नाही." मी सांगितलं. त्यावर रुचिता म्हणाली, "मग रस्ता कसा शोधू? आणि कॉलेजला पोचले की मेसेज कर, हेही तूच सांगितलंस." मी म्हटलं, भिंतीकडे तोंड करून उभी राहा आणि मेसेज कर. तिने तसं केलं. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईने जवळ येऊन तिला विचारलं, "बाळ, तू रडतेयस का?"

तेव्हा रुचिता हे हसत सांगत होती. ती खरंच रडत होती, हे मला फार उशिरा कळलं.

आमचा रोजचा कार्यक्रम ठरलेला होता. तिची दुपार म्हणजे इथली दिवेलागण. मी स्वराजला मांडीवर घेऊन फोन लावायचे. "जीभ दाखव." ती जीभ दाखवायची. स्वराजही जीभ दाखवायचा. "नखं दाखव. खोली दाखव. कडी दाखव. खिडकी उघडून दाखव." खिडकी वीतभरच उघडायची. तिकडच्या हॉस्टेलच्या खिडक्या मुद्दाम तशा असतात म्हणे, मुलांनी उडी मारू नये म्हणून. हे ऐकल्यावर मी त्या विषयावर एक शब्दही बोलले नाही. फक्त रोज खिडकी बघू लागले.

खोकला झाला तेव्हा मी म्हटलं, डॉक्टरकडे जा. तिने सांगितलं की तिकडे आधी नाव नोंदवायचं, मग फोनवर कुणीतरी विचारणार की खोकला किती दिवसांचा आहे, मग ते ठरवणार की डॉक्टरला भेटायची गरज आहे का. "मग डॉक्टर भेटतात कधी?" "बहुतेक खोकला गेल्यावर." इकडे आमचे डॉक्टर माणूस पायरी चढायच्या आधीच सुई भरून ठेवतात. मी लंडनची कीव केली.

पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. नजर म्हणजे माझी जन्माची खोड. रुचिताचा चेहरा उतरत चालला होता. गालफडं बसली होती. "काय खाल्लंस?" म्हटलं की "खाल्लं." काय, ते नाही. एकदा मागे टेबलावर पाव दिसला. दुसऱ्या दिवशी तोच पाव, दोन चकत्या कमी. मी बोईसरमध्ये बसून त्या पावाच्या चकत्या मोजत होते आणि ती मला सांगत होती की इथे सगळं मिळतं गं वहिनी.

माझ्या सासूबाई हंसा यांनी निदान केलं. "तिला मासळी पाहिजे. आमची पोर पावावर जगंल का? सुके बोंबील धाड."

तर ही माझी छोटीशी मोहीम. सुके बोंबील लंडनला धाडणे. सासूबाईंनी दातिवऱ्याहून निवडून आणले, कडक, पांढरे, वाळूचा कण नाही. मी ते प्लॅस्टिकमध्ये, मग त्यावर कागदात, मग पुन्हा प्लॅस्टिकमध्ये बांधले आणि पालघरला एका कुरिअरवाल्याकडे घेऊन गेले. काउंटरवरच्या माणसाने पुडकं उचललं, नाकाजवळ नेलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यात एखादा नातेवाईक भरला आहे.

"आत काय आहे?"

"खाऊ."

"जिवंत आहे का मेलेलं?"

"सुकलेलं."

"त्याला रकाना नाही, ताई. दाखला आणा."

दाखला कुठे मिळतो, हे त्याला माहीत नव्हतं. मी स्वराजला कडेवर घेऊन जिल्ह्याच्या मोठ्या इमारतीत गेले. जिल्हा झाल्यापासून इथे दारं पुष्कळ झाली आहेत. एका दारातल्या साहेबांनी सांगितलं की मासळी त्यांच्याकडे खरी, पण ओली असेपर्यंत. सुकली की ती अन्न होते. दुसऱ्या दारातल्या बाईंनी सांगितलं की अन्न त्यांच्याकडे खरं, पण मासळी ती मासळीच, सुकली म्हणून काय तिची जात बदलते? "म्हणजे नेमकी कधी ती तुमची होते?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "शिजवल्यावर." माझ्या कडेवर स्वराज, हातात बोंबील, आणि मागच्या रांगेतले लोक हळूहळू मागे सरकत चाललेले. पदवीचा मान वगैरे मी त्या दिवशी तिथल्या बाकावर ठेवून आले.

शेवटी बोईसरच्या एका दुसऱ्या कुरिअरवाल्याने मार्ग काढला. तो म्हणाला, "ताई, आमच्याकडे मासळी चालते, वास चालत नाही." तेवढ्यावर सौदा ठरला. आणखी पाच थर चढवून, चिकटपट्टीने आवळून, पुडक्याचं पार दुपट्यात गुंडाळलेल्या बाळासारखं गाठोडं करून मी ते रवाना केलं. आणि ते पोचलं! मी सासूबाईंना फोन केला, सासूबाईंनी माहीमभर सांगितलं. सासरे म्हणाले, "बगू."

रविवारी सासूबाई आमच्याकडे होत्या. संध्याकाळ व्हायची होती. तिकडे भर दुपार. रुचिताने फोन उभा करून ठेवला. तिच्या खोलीतच कोपऱ्यात शेगडी होती. आज कितीतरी दिवसांनी तिचं हसू मागावं लागलं नव्हतं.

"आई, तेलात टाकू का?"

"तेल नको गो. पयले भाज. तव्यावर. दाबून धर. काळा डाग आला पायजे, त्याबिगर चव नाय."

रुचिताने भाजले. दाबून धरले. काळे डाग आले. धूरही आला. वीतभर खिडकीतून जेवढा जायचा तेवढा गेला, बाकीचा खोलीत घुटमळला. पडद्यावर ती धूसर होत गेली. "वहिनी, वास बघ ना! घरचा वास!" असं ती म्हणाली आणि तिच्या डोक्यावरून भोंगा सुरू झाला.

असा भोंगा मी शाळेनंतर ऐकला नव्हता. त्यानंतर जे झालं ते डोक्याने झालं नाही, हाडांनी झालं. इकडे स्वराज मांडीवरून उतरला, दुडुदुडु धावत बाल्कनीकडे गेला आणि त्याने दार ओढून लावलं. साडेतीन वर्षांचं मूल. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्याने बघितलं होतं. सासूबाईंनी तांब्यातलं पाणी पदरावर ओतून नाकाला लावलं. आणि मी ओरडले, "रुचिता, खिडकी लाव! टॉवेल भिजव! दाराखाली सार! बाहेर जायचं नाही, ऐकतेयस ना? अजिबात बाहेर जायचं नाही!"

आणि माझ्या नणंदेने, औद्योगिक सुरक्षेच्या विद्यार्थिनीने, खिडकी लावली, टॉवेल भिजवला, दाराखाली सारला, ओली ओढणी नाकाला लावली आणि पलंगावर पाय घेऊन बसली. शेगडी बंद करायचं मात्र आम्हा तिघींपैकी एकीलाही सुचलं नाही. धूर आता बाहेर जायचाच बंद झाला.

बाहेर पावलं धावत होती, कुणी दारं ठोकत होतं. "कोणीतरी बोलवतंय," ती म्हणाली. "बोलवू दे," मी म्हटलं. "वास जाऊ दे आधी."

मग सगळं शांत झालं. फक्त भोंगा. आम्ही एकमेकींकडे बघत बसलो, तिकडे एक, इकडे तीन, सगळ्यांच्या नाकाला ओलं फडकं. मला वाटलं, किती छान निभावलं आपण.

थोड्या वेळाने दार ढकललं गेलं. ओला टॉवेल दाराखाली अडकला, म्हणून आणखी जोरात ढकललं गेलं. आणि डोक्यावर टोप, तोंडावर नळी अशी अग्निशमन दलाची दोन दांडगी माणसं आत आली. एकाने शेगडी बंद केली. दुसऱ्याने फोन उचलला. त्याला दिसली पदराने नाक दाबलेली एक म्हातारी. तो नळी काढून म्हणाला, "हॅलो."

सासूबाई म्हणाल्या, "त्यांला बस म्हणाव. दोन बोंबील दे."

रुचिताला त्यांनी खाली नेलं. खाली सगळं हॉस्टेल थंडीत उभं होतं, कुणी अंघोळीच्या पंच्यात, कुणी अनवाणी. भोंगा वाजला की तिकडे बाहेर पडायचं असतं, मैदानात ठरलेल्या जागी उभं राहायचं असतं आणि एक जण नावं पुकारून माणसं मोजतो. एक माणूस कमी भरत होतं. म्हणून कुणालाही आत सोडत नव्हते. रुचिता बोंबलाच्या वासासकट जिना उतरून आली, तेव्हा त्या सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गात योगायोगाने विषय होता, 'धोक्याच्या वेळी माणसं चुकीचं का वागतात.' सर तिच्याकडे बघत नव्हते. म्हणजे मुद्दाम बघत नव्हते, असं ती म्हणाली.

आणि मला फोन आला. तिच्या कागदांवर जवळचं माणूस म्हणून माझं नाव होतं. तिकडच्या विद्यार्थी-कल्याण विभागातली बाई फार गोड बोलत होती, आणि गोड बोलणाऱ्या इंग्रजीची मला आधीपासून भीती वाटते. ती म्हणाली, "आम्हाला रुचिताची काळजी वाटते. ती म्हणाली की तुमच्या गावी भोंगा वाजला की लोक घरात कोंडून घेतात. हे विचारताना मला वाईट वाटतं, पण तुमच्याकडे युद्ध चालू आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "एमआयडीसी आहे."

तिने ती अक्षरं एकेक करून लिहून घेतली. मग तिने विचारलं, "आणि ते किती दिवस चालणार आहे?"



खरा घाव पुढेच बसायचा होता. समोरच्या दाराआडून जयवंतीकाकूंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी केळव्याच्या भाचीला सांगितलं, "सावेंच्या पोरीच्या खोलीत धूर झाला." भाचीने माहीमला सांगितलं, आग लागली. माहीमच्या बाजारात सासऱ्यांच्या कानी आलं, की लंडनची इमारत जळाली आणि पोरीला बेशुद्ध उचलून आणली. भाग्येश भावोजी जिना उतरून खास विचारायला आले, "वहिनी, तिकडचा विमा कोणत्या कंपनीचा काढला होता?" होता म्हणे!

रुचिता गप्प झाली. जीभ दाखव म्हटलं की जीभ दाखवायची, पण डोळे दुसरीकडे. मी एकदा खोली, कडी, खिडकी काहीच विचारलं नाही. नुसती बसून राहिले. मग ती आपण होऊनच बोलली.

"वहिनी, मी इथे आल्यापासून कुणी माझं नाव घेतलं नव्हतं. वर्गात नंबर असतो. दुकानात मशीन असतं. दिवसदिवसभर माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही, तुझा फोन येईपर्यंत. जेवावंसं वाटायचं नाही. तुला सांगितलं असतं तर तू बाबांना दिलेला शब्द..." तिने बाहीने नाक पुसलं. "त्या दिवशी मी खाली आले तर तो माणूस माझं नाव घेऊन ओरडत होता. 'रुचिता सावे, रुचिता सावे.' नीट जमतही नव्हतं त्याला. लाजेने मेले मी. पण वहिनी, कुणीतरी शोधत होतं गं मला. एका मुलीने तिचं जाकीट दिलं. शिव्या देत दिलं, पण दिलं. आता ती कधी कधी दार वाजवते."

त्या विद्यार्थी-कल्याणवाल्या बाईंकडे दर आठवड्याला बोलायला जा, असं कॉलेजने तिला सांगितलं होतं. मी तिच्या नखांचा रंग बघत बसले होते, जिभेवरचा थर बघत होते. ज्याची काळजी घेईन म्हणून छाती ठोकली होती, ते सगळं सोडून बाकीचं सगळं मी तपासलं होतं.

सासरे आले ते पानांची जुडी आणि निकाल घेऊन. बुटाची नाडी सोडतानाच म्हणाले, "तिला बोलव. कबूल केलं होतंस."

"बाबा, ती आता बरी आहे. सावरतेय."

"बरी? माज्या वाडीतल्या गड्यानं मला विचारलं, शेठ, पोरगी वाचली का? आजून काय वाकडं व्हायचं ऱ्हायलंय? आज फोन लाव, मी सोता सांगतो. केळव्याचे लोक थांबलेत."

मी चहा टाकला. माझा नवरा दर्पण दुसऱ्या पाळीला गेला होता. तो इथल्याच एका कंपनीत यंत्रांच्या देखभालीचं काम बघतो. दिवेलागणीची वेळ होती. चहाला उकळी आली आणि मला आल्याच्या वासामागे दुसरा वास आला.

गोडसर. आधी गोडसर, मग घशाला टोचणारा. मी गॅस बंद केला. स्वराज बाल्कनीच्या दाराकडे निघालाच होता. खिडक्या, कड्या, टॉवेल. लांबून कुठल्यातरी कंपनीचा भोंगा येत होता. सासरे मध्ये उभे राहून आमच्याकडे बघत होते.

"ह्ये काय चाललंय?"

"वास आलाय, बाबा. हे घ्या, नाकाला लावा."

"किती येळ?"

"जाईपर्यंत."

"ह्ये रोजचं हाय?"

"रोजचं नाही," मी म्हटलं. "पण नवीनही नाही."

स्वराजची छाती वाजायला लागली. मी मशीन लावलं. सासरे त्याच्या पाठीशी बसले आणि त्या इवल्या पाठीवर हात ठेवून ती म्हाताऱ्या माणसासारखी घरघर ऐकू लागले. माहीमच्या वाडीत ते नातवाला नेहमी बरा असतानाच बघत आले होते. इथे घरघर थांबली की मगच आम्ही त्याला हवापालटाला तिकडे न्यायचो.

तेवढ्यात फोन वाजला. रुचिता. आमच्या भागाच्या ग्रुपवर बातमी गेली होती, तिथून तिला कळलं होतं. तिच्या मागे कॉलेजची पायरी दिसत होती. माझ्या शिस्तीप्रमाणे ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"वहिनी, आधी हजेरी. कोण कोण आहे घरात? तू?"

"हजर."

"स्वराज?"

स्वराजने मशीनच्या मुखवट्याआडून जीभ दाखवली.

"बाबा? तुम्ही तिथे आहात? हजर म्हणा."

सासरे फोनकडे बघत राहिले. "हाय," ते म्हणाले.

"दादा?"

दर्पणचा फोन मी केव्हाचा लावत होते, लागत नव्हता. ते मी बोलले नाही, पण रुचिताला कळलं. तिचा आवाज बदलला. तो माझ्या नणंदेचा आवाज नव्हता, ती जे शिकायला गेली होती त्याचा होता. "घाबरू नकोस. त्यांच्या गेटला फोन लाव. विचार, लोक कुठे जमवलेत आणि मोजले का. शब्दशः विचार, मोजले का."

मी सासऱ्यांच्या फोनवरून गेटला लावला. पलीकडे आरडाओरडा होता. "सब बाहर हैं मॅडम, टेन्शन नहीं लेने का."

"गिनती हुई?"

"क्या?"

"गिनती! कितने अंदर थे, कितने बाहर आए?"

"अरे मॅडम," तो वैतागून म्हणाला, "इधर भागना है कि गिनना है?"

मी फोन ठेवला. रुचिता पलीकडे होती, तिने ऐकलं होतं. ती म्हणाली, "फोन कट करू नका. मी आहे." आणि ती तिकडे भिंतीला टेकून उभी राहिली आणि आम्ही इकडे ओल्या फडक्यांत बसून राहिलो. स्वराजचं मशीन घुरघुरत होतं. चहा निवला. सासऱ्यांनी एकदा विचारलं, "रोज कोन मोजत नाय का यांना?" मी म्हटलं, "आत जाताना मोजतात, बाबा. कार्ड लावून."

दार ढकललं गेलं तेव्हा आम्ही सगळेच दचकलो. टॉवेल दाराखाली घट्ट बसला होता. दार वीतभर उघडलं आणि तिथेच अडलं. फटीत दर्पणचा अर्धा चेहरा, डोळे लाल.

"दादा?" फोनमधून आवाज आला.

"काय गं?"

"हजर म्हण."

"अगं, आधी मला आत तर घ्या!"

"आधी हजर म्हण."

दर्पण त्या फटीत उभा राहून खोकला आणि म्हणाला, "हजर."

मी टॉवेल ओढला. रडू आलं ते मी वाकून टॉवेल ओढण्यात लपवलं. त्याने तोंड धुतलं, पाणी प्याला, स्वराजला उचलायला गेला आणि कपड्यांना वास आहे म्हणून थांबला. त्याच्या नव्हे, शेजारच्या कंपनीत गळती झाली होती. भिंतीला भिंत लागून. "दोन पोरांना नेलं दवाखान्यात. कंत्राटी. उशिरा कळलं, आत आहेत ते."

"नावं काय त्यांची?" रुचिताने विचारलं.

दर्पणने आठवून बघितलं. "नवीन होते. चहाच्या टपरीवर भेटायचे." मग तो म्हणाला, "माहीत नाही गं."

रुचिता म्हणाली, "उद्या जाऊन विचार, दादा. नावं विचार."

सासऱ्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. लांब धरला, त्यांना जवळचं दिसत नाही.

"पोरी."

"हां बाबा." तिला माहीत होतं ते कशासाठी आले आहेत.

"तुला न्यायचं सांगायला आलो होतो."

"हो बाबा."

"येऊ नको." ओलं फडकं अजून त्यांच्या हातात होतं, त्यातलं पाणी लेंग्यावर ठिबकत होतं. "पाव खा, काय बी खा. बोंबील खायाचे तर उकडून खा, भाजू नको. रडू आलं तर त्या बाईकडं जाऊन रड. पन येऊ नको. तितं तुला मोजतात."

मी जिंकले होते. एवढे महिने ज्या वाक्यासाठी झटत होते ते वाक्य मिळालं होतं, आणि ते ऐकून आनंद व्हायच्या ऐवजी घरातलं कुणीतरी गेल्यासारखं वाटलं. सासरे फोन माझ्याकडे देऊन पानाची जुडी सोडत बसले. एकेक पान पुसून पुन्हा जुडीत ठेवू लागले.

स्वराजने मुखवटा खाली ओढला. "आई, आत्या आत आहे का बाहेर?"

"बाहेर," मी म्हटलं. "आत्या बाहेर आहे."

"आणि आपण?"

वास अजून गेला नव्हता. मी टॉवेल उचलला, नळाखाली धरला, पिळला आणि पुन्हा दाराखाली सारला.